पाटी आणि तलवार

दसऱ्याच्या सुमारास आपल्या घरोघरी दोन पूजा होतात. देवघरापुढे मुलांच्या पाट्या मांडून त्यांवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटली जाते. आणि त्याच दिवशी, किंवा आदल्या दिवशी खंडेनवमीस, घरात असेल ते शस्त्र, नसेल तर विळी, कोयता अथवा कारागिराची हत्यारे मांडून त्यांनाही गंधफूल वाहिले जाते. पाटी आणि शस्त्र ही दोन्ही एकाच चौरंगावर असतात. तथापि त्या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पाटी ही अभ्यासाची आणि शस्त्र हे रक्ताचे, अशी आपल्या मनात विभागणी झालेली असते. ‘ते रक्तातच असावे लागते’ असे एखाद्या शूर पुरुषाविषयी आपण सहज बोलून जातो आणि तेथेच विचार थांबवितो.

हा समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, असे आम्हांस वाटते. शौर्य कोणाच्या अंगी असेल हे सांगणे कठीण आहे. पण सैन्यात कोणास प्रवेश मिळाला, आणि मिळाल्यावर तो कोणत्या पायरीवर उभा राहिला, हे मात्र कागदोपत्री पाहता येते. गेल्या दोनशे वर्षांतील ते कागद पाहिले म्हणजे असे दिसते की, ह्या प्रश्नाचा निकाल रणांगणावर लागण्यापूर्वी पुष्कळदा शाळेच्या ओसरीवरच लागलेला होता.

रक्ताच्या सिद्धांताला राजमान्यता दिली ती इंग्रजांनी. १८५७ नंतर, आणि विशेषतः १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती असताना, ‘लढवय्या जाती’ आणि ‘बिगर-लढवय्या जाती’ अशी प्रजेची वर्गवारी पक्की झाली. कोणत्या प्रांतातील, कोणत्या जातीचा तरुण भरतीस योग्य, हे पुस्तकांतून छापले जाऊ लागले. न्यायालयात एखादा पक्ष असा दावा मांडील, तर त्यास पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की, याला पुरावा काय? पुरावा पाहू जाता तो दाव्याच्या उलट निघतो. त्याचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच प्रदेशातील महार समाजाच्या इतिहासात आहे.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार शिपायांची संख्या मोठी होती. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत, त्यांत महार शिपायांची नावे आहेत. ह्या फौजेची एक गरज होती. हुकूम वाचणारा, हजेरी लिहिणारा, कवाइतीचे नियम समजून घेणारा हवालदार-जमादार तिला हवा होता. म्हणून पलटणीच्या शाळा निघाल्या आणि त्यांत शिपायांची मुलेही शिकू लागली. ज्या काळी गावच्या शाळेत महाराच्या मुलास उंबरठ्याआत पाऊल टाकता येत नव्हते, त्याच काळी छावणीतील शाळेत तो धुळाक्षरे गिरवीत होता. सरकारने हे भूतदयेने केले असे नव्हे. आपल्या सोयीसाठी केले. परंतु अक्षर एकदा आले म्हणजे ते कोणाच्या सोयीसाठी आले हे विचारीत नाही.

सुभेदार रामजी सकपाळ ह्या शाळांतूनच पुढे आले. त्यांचे वडील मालोजी हेही फौजेत होते. रामजींनी अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. इंदूरजवळील महू येथील छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या धाकट्या मुलाचा जन्म झाला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. वडील सैनिक आणि शिक्षक, दोन्ही. ह्या एका घरात पाटी आणि तलवार खरोखरच एका चौरंगावर आली होती.

आणि नेमके त्याच सुमारास दार बंद झाले. १८९२ च्या आसपास महारांची सैन्यभरती थांबविण्यात आली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कंपनीची चाकरी केली ते एका फटकाऱ्यात ‘बिगर-लढवय्ये’ ठरले. त्यांचे रक्त एका वर्षात पालटले असे म्हणण्यास कोणीही धजणार नाही. पालटला तो सरकारचा नियम. भरती थांबताच पलटणीची शाळाही त्यांच्या मुलांस अंतरली. मात्र आधीच्या पिढीस दिलेले अक्षर सरकारला परत घेता आले नाही.

त्या अक्षराचा उपयोग काय झाला, ते पाहावे. महाडजवळील रावढूळचे गोपाळ बाबा वलंगकर हे फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन केली आणि १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करावी म्हणून मुंबई फौजेच्या सेनापतीस उद्देशून एक अर्ज सिद्ध केला. आपल्या लोकांनी पूर्वी केलेली चाकरी, दाखविलेली निष्ठा आणि झालेला अन्याय यांची त्यात मांडणी होती. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेतील भारतमंत्र्यांपर्यंत अशीच मागणी नेली. आम्ही व्यवसायाने अर्ज वाचणारी आणि लिहिणारी माणसे. अर्ज लिहिण्यास काय लागते हे आम्हांस ठाऊक आहे. तक्रार प्रत्येकाजवळ असते. ती कलमवार मांडण्याची विद्या मात्र शाळेतच मिळते. पलटणीच्या शाळेने शिपाई घडविले असतील. पण भरती बंद झाल्यावर त्याच शिक्षणाने आपल्या हक्काचे वकील घडविले.

सुभेदार रामजींचे कुटुंब निवृत्तीनंतर दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर भीमरावांचे नाव दाखल झाले. घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविले आहे. छावणीच्या आत जे मिळत होते ते छावणीबाहेर पडताच कसे हिरावले गेले, याचा हा दाखला आहे. आणि तो आपल्या हिंदू समाजाने डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. १९१७ मध्ये अमेरिकेतील उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास महाराजांच्या दरबारी लष्करी सचिव म्हणून रुजू झाले, तेव्हाही त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. विद्येने अधिकाराची खुर्ची दिली. समाजाने घराचे दार दिले नाही.

मध्यंतरी पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच, १९१७ मध्ये, सरकारने १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली. अखेरीस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार मंडळावर असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, ती बेळगावास. सुमारे पन्नास वर्षे बंद असलेले दार उघडण्यामागे ज्या मंडळींचे प्रयत्न होते, त्यांतील प्रमुखांची मुळे छावणीतील शाळेपर्यंत पोचतात.

ही झाली शिपाई म्हणून उंबरठा ओलांडण्याची गोष्ट. अधिकारी होण्याची गोष्ट निराळी, आणि तेथे शाळेचा वाटा अधिकच उघड दिसतो. गोमंतकीय वाचकांस त्याचा एक जुना दाखला आपल्या भूमीत सापडेल. १८१७ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यात सैनिकी अकादमी काढली. १८४१ मध्ये तिची पुनर्रचना होऊन ती ‘गणित व सैनिकी शाळा’ या नावाने चालू लागली. तोफ डागणाऱ्यास कोन मोजता आला पाहिजे आणि तट बांधणाऱ्यास भूमिती आली पाहिजे, ही जाणीव त्या नावातच आहे. १८७१ मध्ये गोव्याची स्थानिक फौज मोडण्यात आली आणि तिच्याबरोबर ही शाळाही संपली. गोव्यातल्या गोव्यात शिकून सैन्याचा अंमलदार होण्याची वाट तेव्हापासून बंद झाली. येथील तरुणांचे धैर्य त्या वर्षी आटले नव्हते. शाळा बंद झाली होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत हिंदी माणूस कितीही पराक्रमी असला तरी सुभेदार-मेजरच्या वर सहसा चढत नसे. बादशाही सनदेचे अधिकारीपद गोऱ्यांसाठी राखीव होते. १९१८ नंतर विलायतेतील सँडहर्स्टच्या सैनिकी महाविद्यालयात दरवर्षी दहा जागा हिंदी तरुणांस मिळू लागल्या. पण तेथे गेलेल्यांपैकी पुष्कळजण अभ्यासक्रम पुरा करू शकेनात. सरकारने कारण शोधले, तेव्हा दोष बुद्धीत किंवा धैर्यात नसून पूर्वतयारीत आहे, असे दिसून आले. इंग्रजी भाषा, तेथील राहणी, खेळ, वसतिगृहातील शिस्त ह्या गोष्टी अठराव्या वर्षी एकदम अंगी येत नाहीत. म्हणून १३ मार्च १९२२ रोजी डेहराडून येथे युवराजांच्या हस्ते एक सैनिकी विद्यालय सुरू झाले. तेथे अकरा-बारा वर्षांची मुले घेऊन त्यांस इंग्रजी निवासी शाळांच्या धर्तीवर वाढवावे, अशी योजना होती. आज हीच संस्था राष्ट्रीय भारतीय सैनिकी महाविद्यालय म्हणून ओळखली जाते.

ह्या घटनेतील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. जे सरकार शिपायाच्या बाबतीत रक्ताचा हवाला देत होते, तेच अधिकाऱ्याच्या बाबतीत कबूल करीत होते की तो अकराव्या वर्षापासून घडवावा लागतो. १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनलाच भारतीय सैनिकी अकादमी उघडली. तिच्या पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते: पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा सैन्याच्या पलटणींतून आणि दहा संस्थानांच्या फौजांतून. परीक्षा खुली असली तरी ती इंग्रजीतून होती, आणि तिची तयारी करून देणाऱ्या शाळांचा खर्च सामान्य शेतकऱ्यास किंवा कारकुनास पेलणारा नव्हता. इकडे शिपाई म्हणून भरती होणाऱ्या मराठी तरुणास रोमन लिपीतील उर्दू शिकावी लागे, कारण फौजेतील शिक्षणाची आणि परीक्षांची भाषा ती होती. अशा रीतीने एकाच सैन्यात दोन पाट्या होत्या. लहानपणी कोणती पाटी हाती आली, यावर पुढील पायरी अवलंबून राहिली.

दोन चरित्रे शेजारी ठेविली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. त्यांचा जन्म ३१ जानेवारी १९२३ चा. ते डेहराडूनच्या त्या सैनिकी विद्यालयात शिकले आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, अधिकारी झाले. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे कुमाऊँ रेजिमेंटच्या कंपनीचे नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि मेजर होते.

दुसरे चरित्र आपल्या कोकणी-मराठी मुलुखातले. रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळील चेंडिये. वडील पोलिसात शिपाई, त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाच्या शाळाही बदलत गेल्या. १९३० च्या चळवळीचे वारे बारा वर्षांच्या ह्या मुलास लागले, तेव्हा काळजीने वडिलांनी कुटुंब गावी परत आणले. १० जुलै १९४० रोजी, बाविसाव्या वर्षी, ते मुंबई इंजिनियर्समध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले, एकेक पायरी चढत गेले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस होते. पुढे चारच महिन्यांनी, ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत, नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूच्या माऱ्याखाली, जखमी असतानाही, सुरुंग काढून आणि अडथळे फोडून त्यांनी आपल्या रणगाड्यांस वाट करून दिली. परमवीर चक्र जिवंतपणी स्वीकारणारे ते पहिले वीर.

मेजर शर्मा बडगामला पडले त्या दिवशी, त्यांच्याहून साडेचार वर्षांनी वडील असलेले राणे अद्याप अधिकारी झालेले नव्हते. दोघांच्या शौर्यात डावे-उजवे करण्याचे धार्ष्ट्य कोणी करणार नाही. राष्ट्राने दोघांस एकच सन्मान दिला. मग ह्या अंतराचे कारण काय? काही वाचक म्हणतील की घराणे. शर्मांचे वडील सैन्याच्या वैद्यकीय दलात मोठे अधिकारी होते, हे खरे. घराचा वाटा आम्ही नाकारीत नाही. परंतु घराने मुलास दिले ते निराळे रक्त नव्हे, शाळेची माहिती आणि तिचा खर्च. चेंडियेच्या पोलीस शिपायाच्या घरी ह्या दोन्ही गोष्टी नव्हत्या. ज्याला एकोणिसाव्या वर्षी नेतृत्व देता आले असते, त्याला देशाने एकोणतिसाव्या वर्षापर्यंत थांबविले. असे किती राणे शिपाई म्हणूनच निवृत्त झाले असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

ह्या उणिवेची जाणीव आपल्या पुढाऱ्यांस नव्हती असे नाही. डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिक येथे १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय काढले, ते सैनिकी शिक्षण शाळेपासूनच हवे ह्या विचाराने. त्यांचे निदान अचूक होते. मात्र १९३१ मध्ये इटलीत जाऊन तेथील राजवटीने उभारलेल्या मुलांच्या संघटनांचे जे कौतुक त्यांना वाटले, त्याविषयी आमचे मत निराळे आहे. त्या संघटनांनी मुलांस एका पक्षाचे आज्ञाधारक बनविले आणि त्याची फळे त्या देशाने १९४५ पर्यंत भोगली. शाळेने शिस्त द्यावी; पण ती राज्यघटनेशी बांधलेली असावी, पक्षाशी नव्हे. लहान वयात मन घडते, म्हणूनच ते कोण घडवितो याविषयी समाजाने जागरूक राहिले पाहिजे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि नंतर दारे हळूहळू उघडली. सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या किंग जॉर्ज शाळांपैकी एक १९४५ मध्ये बेळगावास स्थापन झाली. मराठा रेजिमेंटचे केंद्र ज्या शहरात १९२२ पासून आहे, त्याच शहरात शिपायाच्या मुलास अधिकारी होण्याची तयारी करून देणारी शाळा आली. १९५२ मध्ये ह्या शाळा इतरांच्या मुलांसही खुल्या झाल्या. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारीत रीतसर सुरू झाली. परंतु प्रबोधिनीत येणारी मुले बहुतांशी थोड्या महागड्या शाळांतून आणि थोड्याच प्रांतांतून येतात, हे दिसू लागले. त्यावर उपाय म्हणून कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना सैनिक शाळांची योजना आली. अधिकाऱ्यांच्या वर्गातील प्रादेशिक आणि वर्गीय असमतोल दूर करणे हा तिचा घोषित हेतू. त्या मालिकेतील पहिली शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास निघाली. राज्य सरकारांच्या शिष्यवृत्त्यांमुळे शेतकऱ्याचा मुलगाही तेथे शिकू शकला. १९०० साली ज्या साताऱ्यात एका सुभेदाराच्या मुलास गोणपाटावर वेगळे बसविले गेले, त्याच साताऱ्यात एकसष्ट वर्षांनी गणवेशातील सर्व मुले एका रांगेत, एका पंक्तीस बसू लागली. आमच्या दृष्टीने ह्या योजनेचे मोल तिने दिलेल्या अधिकाऱ्यांच्या संख्येइतकेच ह्या पंक्तीतही आहे.

तरीही एक अर्धा समाज रांगेबाहेर होता. २०१८ मध्ये मिझोरामातील छिंगछिप येथील सैनिक शाळेत मुलींचा प्रथम प्रवेश झाला आणि २०२१ मध्ये सर्व सैनिक शाळा मुलींना खुल्या झाल्या. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा मुलींस देता यावी अशी व्यवस्था केली. ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीतून सतरा मुलींची पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. १८९४ चा अर्ज आणि २०२१ ची याचिका यांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. परंतु दोहोंचा गाभा एकच: पात्रता पाहा, जन्म पाहू नका. पहिल्या अर्जाला घटनेचा आधार नव्हता, दुसऱ्याला होता. एवढाच भेद, आणि तो लहान नाही.

कायद्याने दार उघडले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. सैनिक शाळेचा मुख्य प्रवेश सहावीत, वयाच्या दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान होतो. म्हणजे हा निर्णय मूल स्वतः घेत नाही. मूल चौथी-पाचवीत असताना आईबापांस ती माहिती असावी लागते. अलीकडच्या वर्षांत सहावीच्या प्रवेशपरीक्षेसाठी जी तेरा भाषांची माध्यमे ठेविली आहेत त्यांत मराठी आहे, कोकणी नाही. कोकणी घरातील मुलास मराठी पक्की येत असेल तर तिचा येथेही उपयोग आहे, आणि कोकणीलाही त्या यादीत स्थान मिळावे अशी मागणी करण्यास काहीच हरकत नसावी. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सैनिक शाळेत गेलेला प्रत्येकजण सैनिक होत नाही. पुष्कळ मुले वैद्य, अभियंते, शिक्षक होतात. त्यात वाईट काही नाही. शाळेने वाट दाखवावी, ढकलू नये.

आपल्या देवस्थानांजवळ सभागृहे आहेत, वाचनालये आहेत, विद्यार्थी निधी आहेत. दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सारा गाव जमतो. त्या दिवशी पंचक्रोशीतील पाचवीच्या मुलामुलींची एक यादी करावी, त्यांत कोणाच्याही जातीची चौकशी करू नये, आणि मंदिराच्या सभागृहात त्यांच्यासाठी गणिताचा आणि भाषेचा वर्ग सायंकाळी तासभर चालवावा. त्यास मोठा खर्च येत नाही. एक शिक्षक, एक फळा आणि चार दिवे पुरेत. त्यातून सैन्यात कोण जाईल आणि कोण जाणार नाही, हे पुढे त्या मुलांनी ठरवावे.